कंसातलं तेवढंच उचला, आणि मग गिनती घ्या

इंदूरहून बोलतोय.

मागच्या भागात आपण पीएचपीमध्ये फाइल उघडून तिच्यातला मजकूर वाचायला शिकलो. त्यानंतर बडोद्यापासून बंगळूरपर्यंत अनेकांनी एकच प्रश्न विचारला. मजकूर हातात आला, पण त्यातले दोन खुणांच्या मधले तुकडे कसे काढायचे? आणि एक तुकडा नाही, असतील तेवढे सगळे? आजचा भाग त्यावरच आहे.

ई-पुस्तक वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. व्हिडिओत मी फंक्शनची नावं रोमन लिपीत टाइप केली होती. इथं ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत आणि आकडेही देवनागरीत आहेत. तुम्ही टाइप करताना फंक्शन आणि आकडे इंग्रजी कळफलकावरूनच टाइप करा. व्हेरिएबलची नावं मात्र मराठीत ठेवलीत तरी चालतं. डॉलरच्या खुणेपुढं 'मजकूर' असं देवनागरीत लिहिलं तर पीएचपी ते बिनतक्रार स्वीकारतं.

आधी माझी चूक

आम्ही काही निवृत्त फौजी मिळून एक लहानसं काम करतो. दर नोव्हेंबरला पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो गेला नाही तर पुढची पेन्शन थांबते. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या, विशेषतः शहीद आणि दिवंगत जवानांच्या पत्नींच्या हे लक्षात राहतंच असं नाही. म्हणून आम्ही त्यांना फोन करून आठवण देतो. कोणाशी काय बोलणं झालं याची नोंद एका साध्या फाइलमध्ये होते. प्रत्येकाचा आमच्या रजिस्टरमधला क्रमांक चौकोनी कंसात लिहायचा, एवढा एकच नियम.

त्या फाइलमधून ज्यांचा दाखला बाकी आहे त्यांचे क्रमांक काढून फोनची यादी बनवायची, म्हणून मी पीएचपीत छोटा प्रोग्रॅम लिहिला. चालवला, यादी आली, वाटून टाकली. जानेवारीत सातारा जिल्ह्यातल्या एका आजींचा फोन आला. मालक हवालदार होते, जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणाल्या, "साहेब, या वेळी तुमचा फोन आला नाही. मला वाटलं, या वर्षी दाखल्याची गरज नसेल." त्यांची डिसेंबरची पेन्शन आली नव्हती.

त्यांचा क्रमांक फाइलमध्ये होता. माझ्या यादीत नव्हता. तो कुठं गेला, हे समजून घेतलंत की आजचा विषय तुम्हाला समजला.

दोन खुणा म्हणजे काय

मी सिग्नल्समधला माणूस. महूला शिकताना आम्हाला संदेश कसा बांधायचा हे घोटून घेतलं जायचं. मोर्समधून जाणाऱ्या लष्करी संदेशात मुख्य मजकुराच्या आधी आणि नंतर 'बीटी' ही खूण वाजते. डॅश, तीन डॉट, डॅश. पहिल्या बीटीच्या आधी कोणाकडून कोणाला वगैरे, दुसऱ्या बीटीच्या नंतर शेवट. घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की दोन बीटींच्या मधलं तेवढं काम संदेशाचं.

कॉम्प्युटरलाही असंच सांगावं लागतं. सुरुवातीची खूण कोणती, शेवटची खूण कोणती. चौकोनी कंसात दोन्ही खुणा वेगळ्या आहेत, बीटीमध्ये एकच खूण दोन्ही टोकांना आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पहिली पद्धत: पायी चालत

समजा, मजकूर असा आहे:

$मजकूर = "दाखला [खडकी] इथं दिला, फोन [बेळगाव] इथून आला, पत्र [महू] इथून आलं.";

आपल्याला खडकी, बेळगाव आणि महू हे तीन शब्द हवेत. पीएचपीत 'स्ट्रपॉस' नावाचं फंक्शन आहे. दिलेली खूण मजकुरात कितव्या जागी आहे ते सांगतं. 'सबस्ट्र' त्या जागेपासून सांगाल तेवढा तुकडा कापून देतं. या दोघांना घेऊन एक फेरी लावायची:

१. जागा शून्यावर ठेवा.
२. त्या जागेपासून पुढं '[' शोधा. सापडला नाही तर काम संपलं.
३. सापडलेल्या कंसाच्या पुढून ']' शोधा. तो सापडला नाही तर कंस उघडा राहिला आहे. तशी नोंद करा आणि थांबा.
४. दोन्हींच्या मधला तुकडा सबस्ट्रने कापून यादीत टाका.
५. जागा बंद कंसाच्या पुढं न्या आणि पुन्हा पायरी २ वर या.

सोपं आहे, पण तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं ठिकाण: मजकुराची सुरुवातच कंसानं झाली तर स्ट्रपॉसचं उत्तर शून्य येतं, कारण मोजणी शून्यापासून होते. काहीच सापडलं नाही तर उत्तर येतं 'फॉल्स'. पीएचपीला ढिलाईनं विचारलंत तर या दोन्हींत त्याला फरक दिसत नाही. म्हणून तुलना करताना दोन नाही, तीन बरोबर-चिन्हं लावायची: ===. दुसरं: खूण दोन अक्षरांची असेल, उदाहरणार्थ {{, तर पुढं एक नाही, दोन जागा सरकायचं. तिसरं: पायरी ५ विसरलात तर प्रोग्रॅम त्याच कंसाभोवती फिरत राहतो. बदली न मिळालेल्या संतऱ्यासारखा.

ही पद्धत लांबलचक वाटते, पण नवशिक्यानं एकदा तरी हातानं लिहावी. आत काय घडतं ते दिसतं.

दुसरी पद्धत: पॅटर्न

आता तेच काम एका ओळीत:

प्रेग_मॅच_ऑल('/\[(.*?)\]/', $मजकूर, $जुळणी);

'प्रेग' हे नाव पर्ल भाषेच्या धर्तीवरच्या रेग्युलर एक्स्प्रेशनवरून आलं. त्यामागचं इंजिन केंब्रिजच्या फिलिप हेझल यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतलं आणि पीएचपीनं ते आपलंसं केलं. पॅटर्न बघून घाबरू नका. डावीकडून उजवीकडे वाचू.

दोन टोकांच्या तिरक्या रेघा / म्हणजे पॅटर्नची हद्द. \[ म्हणजे खराखुरा चौकोनी कंस. पॅटर्नच्या भाषेत चौकोनी कंसाला स्वतःचा वेगळा अर्थ आहे, म्हणून त्याच्या आधी उलटी रेघ द्यावी लागते. मग गोल कंस. त्यात जे सापडेल ते आपल्याला वेगळं हवंय, असा त्याचा अर्थ. आत टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर, तारका म्हणजे कितीही वेळा, आणि प्रश्नचिन्ह. त्याच्याबद्दल आत्ता सांगतो. शेवटी \] म्हणजे बंद कंस.

फंक्शन किती जुळण्या सापडल्या तो आकडा परत देतं. इथं ३. आणि $जुळणी मध्ये दोन याद्या येतात. $जुळणी[०] मध्ये कंसांसकट पूर्ण तुकडे, $जुळणी[१] मध्ये फक्त आतला मजकूर. आपल्याला जवळजवळ नेहमी दुसरीच यादी हवी असते. पुष्कळ जण शून्य क्रमांकाची यादी छापतात आणि कंस का गेले नाहीत म्हणून विचारतात.

फक्त 'प्रेग_मॅच' वापरलंत, शेवटचं 'ऑल' विसरलात, तर पहिली जुळणी मिळते आणि काम थांबतं. "मला एकच का मिळतं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच असतं.

हावरट तारका

आता त्या प्रश्नचिन्हाकडे येऊ. माझ्या प्रोग्रॅममध्ये तेच नव्हतं. मी लिहिलं होतं:

'/\[(.*)\]/'

तारका स्वभावानं हावरट असते. मिळेल तेवढं गिळत ओळीच्या शेवटापर्यंत जाते आणि मग नाइलाजानं मागं येत बंद कंस शोधते. म्हणजे तिला ओळीतला पहिला नाही, शेवटचा बंद कंस सापडतो. आमच्या फाइलमधली ती ओळ साधारण अशी होती:

[११४] यांच्या मुलाशी बोलणं झालं, [११५] यांचा फोन बंद.

माझ्या पॅटर्ननं यातून दोन क्रमांक काढायच्या ऐवजी एकच तुकडा काढला: "११४] यांच्या मुलाशी बोलणं झालं, [११५". पुढं मी त्याचा आकडा करायला 'इंटव्हॅल' वापरलं होतं. हे फंक्शन सुरुवातीचे आकडे उचलतं आणि पहिल्या परक्या अक्षरापाशी थांबून बाकीचं सोडून देतं. कसलीही सूचना देत नाही. उत्तर आलं ११४. बरोबर दिसणारं उत्तर. आणि ११५ कुठंच नाही. त्या आजी ११५ होत्या.

चाचणीत हे का दिसलं नाही? टिंब साधारणपणे ओळ ओलांडत नाही. चाचणीसाठी मी जी फाइल बनवली होती तिच्यात प्रत्येक ओळीवर एकच नोंद होती. तिथं हावरट तारकाही शहाण्यासारखी वागते. खऱ्या फाइलमध्ये मात्र आमच्यातल्या कुणीतरी जागा वाचवायला एका ओळीत दोन नोंदी केल्या होत्या. त्यात त्याची काही चूक नाही. नियम कंसाचा होता, ओळीचा नव्हता.

उपाय दोन. एक, तारकेनंतर प्रश्नचिन्ह: .*? म्हणजे कमीत कमी घे, पहिला बंद कंस दिसला की थांब. दुसरा उपाय मला जास्त आवडतो:

'/\[([^\[\]]*)\]/'

दिसायला हा काट्याकुट्यांचा आहे, पण अर्थ सरळ आहे. कंसाच्या आत असं काहीही चालेल जे स्वतः कंस नाही. आत काय येऊ शकत नाही, हे इथं आपण उघडपणे सांगतो. पहाऱ्यावरच्या जवानाला "संशयित दिसला तर बघ" असं सांगण्यापेक्षा "या दोन माणसांशिवाय कुणालाही सोडू नको" असा हुकूम जास्त पक्का, तसंच हे.

कंस बंदच केला नसेल तर?

माणूस टाइप करतो तिथं हे होणारच. ही ओळ बघा:

[११६ यांना उद्या फोन, [११७] यांचा दाखला झाला.

११६ चा कंस बंद केलेला नाही. प्रश्नचिन्हाचा पॅटर्न इथं "११६ यांना उद्या फोन, [११७" असा एक तुकडा देईल. म्हणजे तोही फसला. दुसरा पॅटर्न ११६ सोडून देईल आणि फक्त ११७ देईल. जे दिलं ते बरोबर, पण ११६ गप्प राहून गळला.

दोन्ही पॅटर्न आपापल्या परीनं बरोबर आहेत, आणि दोन्हींत एक माणूस हरवतो. म्हणूनच आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: तुकडे काढून झाले की गिनती घ्या. फौजेत संध्याकाळची गिनती कुणी चुकवत नाही. गस्त परत आली की पहिलं काम माणसं मोजण्याचं. गेले किती, आले किती.

इथं गिनती अगदी सोपी आहे. 'सबस्ट्र_काउंट' हे फंक्शन मजकुरात एखादी खूण किती वेळा आली ते मोजतं. उघडे कंस मोजा, बंद कंस मोजा, जुळण्यांचा आकडा घ्या. तिन्ही सारखे असले पाहिजेत. नसले तर यादी वाटू नका. आधी ती ओळ शोधा आणि डोळ्यांनी वाचा.

माझ्या जुन्या प्रोग्रॅमला ही गिनती असती तर त्या ओळीवर उघडे कंस २, जुळणी १ असं लगेच दिसलं असतं. तीन ओळींचं काम होतं. मी ते केलं नव्हतं.

दोन्ही टोकांना एकच खूण असेल तर

आता बीटीसारखी स्थिती घेऊ. सुरुवातीला आणि शेवटी तीच खूण, समजा ==. इथं पॅटर्नपेक्षा 'एक्सप्लोड' सोपं पडतं. ते खूण जिथं जिथं असेल तिथं मजकूर कापतं आणि तुकड्यांची यादी देतं. शून्य क्रमांकाचा तुकडा पहिल्या खुणेच्या आधीचा. एक क्रमांकाचा दोन खुणांच्या मधला. दोन क्रमांकाचा पुन्हा बाहेरचा. म्हणजे विषम क्रमांकाचे तुकडे आपले, सम क्रमांकाचे सोडून द्यायचे.

इथंही गिनती आहेच. खुणा जोडीनं येतात, म्हणून एकूण तुकडे नेहमी विषम असले पाहिजेत. सम आले तर कुठंतरी एक खूण राहिली, आणि तिथून पुढं आतलं बाहेर आणि बाहेरचं आत झालं आहे. एकाच खुणेचा हा मोठा धोका. कंसात एक चूक एक-दोन नोंदी बिघडवते, इथं एक चूक पुढची सगळी फाइल उलटवते. निवड तुमच्या हातात असेल तर उघडायची आणि बंद करायची खूण वेगळी ठेवा.

मराठी मजकूर असेल तर

हा भाग इंग्रजी पुस्तकांत सहसा मिळत नाही, म्हणून नीट ऐका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत. 'स्ट्रलेन' त्याची लांबी १५ सांगेल, 'एमबी_स्ट्रलेन' ५ सांगेल. स्ट्रपॉस आणि सबस्ट्र दोघंही बाइट मोजतात, म्हणून एकमेकांबरोबर ते बरोबर चालतात. जागा एमबी_स्ट्रपॉसनं शोधली आणि साध्या सबस्ट्रनं कापली, तर अक्षर मधोमध चिरलं जातं आणि पडद्यावर प्रश्नचिन्हांच्या चौकटी दिसतात. एक कुटुंब निवडा आणि त्यातच राहा.

पॅटर्न वापरताना शेवटच्या तिरक्या रेघेनंतर इंग्रजी 'यू' हे लहान अक्षर जोडा. मग टिंब म्हणजे एक बाइट नाही, एक पूर्ण चिन्ह. मजकूर मोडक्या यूटीएफ-८ मध्ये असेल तर मात्र फंक्शन आकड्याऐवजी फॉल्स देईल. तेही === लावून तपासा. शून्य जुळण्या आणि काम फसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक. इंटव्हॅलला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत. कुणी क्रमांक मराठी कळफलकावरून टाइप केला तर उत्तर शून्य येतं. आमच्या फाइलमध्ये असे क्रमांकही निघाले. आता मी सगळे देवनागरी आकडे आधी इंग्रजी आकड्यांत बदलून घेतो, मगच पुढं जातो.

तुमचा तुकडा एकापेक्षा जास्त ओळींवर पसरला असेल तर टिंबाच्या पॅटर्नला शेवटी 'एस' हे लहान अक्षर द्यावं लागतं, म्हणजे टिंब ओळ ओलांडतं. कंस नाकारणाऱ्या पॅटर्नला त्याची गरज नाही, तो आपोआप ओलांडतो. खुणा वापरणाऱ्याकडून येणार असतील तर त्या पॅटर्नमध्ये घालण्याआधी 'प्रेग_कोट'मधून काढा. म्हणजे टिंब, तारका, कंस यांचा खास अर्थ निघून जातो.

कुठं हे वापरू नये

कंसाच्या आत कंस असतील, किंवा वेबपेजचे टॅग उलगडायचे असतील, तर हे हत्यार ठेवून द्या. वेबपेजसाठी पीएचपीत 'डॉम-डॉक्युमेंट' आहे, जेसनसाठी 'जेसन_डीकोड' आहे. ज्या गोष्टीची स्वतःची व्यवस्थित रचना आहे तिला तिच्याच वाचकाकडे द्यावं. आजची पद्धत माणसांनी ठरवलेल्या साध्या, सपाट खुणांसाठी आहे.

शेवट आणि गृहपाठ

त्या आजींचा दाखला आम्ही त्याच आठवड्यात करून घेतला. पेन्शन सुरू झाली, मागची बाकीही मिळाली. पण दीड महिना त्यांनी दुकानदाराकडं उधारी केली, ती माझ्या एका तारकेमुळं. फोनवर मी माफी मागितली तर म्हणाल्या, "असू दे साहेब, पुढच्या वर्षी आठवणीनं करा." आता यादीच्या वर पहिली ओळ गिनतीची असते: उघडे किती, बंद किती, मिळाले किती. ती जुळल्याशिवाय खाली काही छापलंच जात नाही.

गृहपाठ असा. स्वतः दहा ओळींची एक फाइल बनवा. एका ओळीत दोन नोंदी ठेवा, एका ओळीत कंस उघडा सोडा, एका ओळीत क्रमांक देवनागरीत लिहा आणि एका ओळीची सुरुवात कंसानं करा. मग आजच्या तिन्ही पॅटर्ननी तुकडे काढा आणि कोणता कुठं फसतो ते वहीत लिहा. चाचणीची फाइल खऱ्यापेक्षा सोपी बनवू नका. मी तेच केलं होतं.

पुढच्या भागात हे तुकडे डेटाबेसमध्ये कसे ठेवायचे ते बघू. तोपर्यंत जय हिंद, जय महाराष्ट्र.